खाऱ्या पाण्यावरची कॉफी

समुद्रपर्यटनाच्या पहिल्या सकाळी सहाच्या सुमारास, जेव्हा पूर्वेकडचे क्षितिज नुकतेच तांबूस होऊ लागलेले असते, डेकच्या फळ्या पहाटेच्या धुण्याने अजून ओल्या असतात आणि यंत्रांची अखंड घरघर तळपायांना जाणवत असते, तेव्हा वरच्या मजल्यावरील भोजनगृहाच्या कोपऱ्यात, एका पोलादी यंत्रासमोर, जाड चिनी मातीचे पेले हाती धरून प्रवाशांची एक मूक रांग उभी राहते. कळ दाबली की यंत्र क्षणभर गुरगुरते, पाच-सात सेकंदांत पेला काठोकाठ भरतो, आणि पहिला घोट घेणाऱ्याच्या मुद्रेवर जो भाव उमटतो त्याला संताप म्हणणे अन्यायाचे होईल. लग्नाच्या पंगतीत जिलेबी अप्रतिम, पण वरणात मीठच नाही, असे आढळल्यावर भिडस्त पाहुण्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्या जातीचा तो असतो.

ही तक्रार काही एका जहाजाची वा एका कंपनीची नव्हे. ज्या क्रूझवर बर्फाच्या मूर्ती कोरल्या जातात, रात्री नाट्यप्रयोग होतात आणि तीन-तीन पोहण्याचे तलाव असतात, तिथे भाड्यात समाविष्ट असलेली सकाळची कॉफी मात्र पाणचट, जळकट किंवा नुसतीच काळी का निघते, हा प्रश्न पर्यटकांच्या गप्पांत वर्षानुवर्षे चघळला जात आहे. त्याचे सर्वसाधारण उत्तर ‘कंजूषपणा’ असे एका शब्दात दिले जाते. त्या उत्तरात तथ्य आहे. परंतु ते निम्मेच आहे, आणि उरलेले निम्मे अधिक मनोरंजक आहे.

कारण कॉफीचे आणि समुद्राचे वैर मुळीच नाही. येमेनमधील मोखा बंदरातून ही वस्तू जगभर गेली ती गलबतांतूनच. 1720 च्या सुमारास गाब्रिएल द क्लिय नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने मार्टिनिक बेटावर कॉफीचे एक रोप नेले. वाटेत पिण्याचे पाणी संपत आले असता त्याने आपल्या वाट्याचे पाणी त्या रोपाशी वाटून घेतले, अशी कथा सांगतात, आणि समुद्रावर कॉफीची खरी विवंचना पाण्याची असते हे त्या गृहस्थाला सर्वांत आधी उमगले असे म्हणावयास हरकत नाही. लंडनमध्ये 1688 च्या आसपास एडवर्ड लॉइड याने थाटलेल्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, कप्तान आणि सावकार जमत, आणि तेथल्या मेजांवर ठरणाऱ्या सौद्यांतूनच त्याच्याच नावाची सागरी विम्याची विख्यात संस्था उदयास आली. पुढे त्या कॉफीवाल्याचेच नाव त्रिएस्तच्या एका जहाज कंपनीने धारण केले; तिचीच उत्तराधिकारी लॉइड त्रिएस्तिनो, जिच्या ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘एशिया’ या आगबोटींनी मुंबईहून युरोपला जाणाऱ्या प्रवाशांची एक पिढी वाहून नेली. ते त्रिएस्त म्हणजे पुन्हा कॉफीचेच मोठे बंदर. इली ही कॉफीची पेढी 1933 साली तिथेच निघाली.

इतकेच काय, समुद्राने एका कॉफीला आपली चवसुद्धा बहाल केली आहे. मलबारच्या किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांत भरलेल्या कॉफीच्या बिया आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोहोचेपर्यंत अनेक महिने तळाच्या दमट हवेत पडून राहत. त्या फुगत, पिवळट होत, त्यांतील आंबटपणा लोपून एक प्रकारचा जडसर, मातकट गोडवा येई. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला, वाफेच्या बोटी आल्या, प्रवासाचे महिने घटले, आणि ताजी हिरवी कॉफी हाती येऊ लागताच उत्तर युरोपातील गिऱ्हाइकांनी नाराजी दर्शविली, कारण त्यांच्या जिभेला ‘बिघडलेली’ कॉफीच लागत होती. तेव्हा मंगळूरच्या बाजूस गोदामे उघडी टाकून, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात बिया पसरून, तोच बिघाड मुद्दाम घडवून आणण्याची तजवीज करण्यात आली, आणि ‘मान्सून्ड मलबार’ या नावाने ती कॉफी आजही भौगोलिक मानांकन मिरवीत परदेशी जाते. तात्पर्य, समुद्र बियांना मानवतो. तो मानवत नाही तो पेल्याला.

पेल्यातील कॉफीत शेकडा अठ्ठ्याण्णवांहून अधिक भाग पाण्याचा असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. आमच्या जुन्या राजवटींत अठरा कारखान्यांपैकी आबदारखाना हा एक स्वतंत्र कारखाना असे, आणि पिण्याच्या पाण्याचा बंदोबस्त ही त्याची जबाबदारी असे. आजच्या जहाजाचा आबदारखाना मात्र मुदपाकखान्याच्या शेजारी नसून यंत्रशाळेच्या शेजारी असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते काढण्याच्या दोन रीती. पहिलीत यंत्रांना थंड ठेवून तापलेल्या पाण्याची उष्णता समुद्राच्या पाण्याला देतात, आणि हे सर्व निर्वात पात्रात होत असल्याने ते पाणी शंभर अंशांची वाट न पाहता पुष्कळच कमी तापमानावर उकळते. त्याची वाफ थंड करून जे मिळते ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी. दुसरीत प्रचंड दाबाखाली पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात, जसे आपल्या घरोघरीच्या शुद्धीकरण यंत्रांत होते, फक्त शेकडो पटींनी मोठ्या प्रमाणावर.

आता सामान्य माणूस म्हणेल, एवढे निर्मळ पाणी मिळाल्यावर कॉफी उत्तम का होऊ नये? इथेच मेख आहे. अतिशुद्ध पाणी कॉफीला वांझ असते. भाजलेल्या पुडीतील सुवासिक आणि आम्लधर्मी द्रव्ये ओढून घेण्याच्या कामी पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे साहाय्य होते. ते नसतील तर पेय सपाट आणि कधी बोचऱ्या आंबटपणाचे होते, आणि बायकार्बोनेट प्रमाणाबाहेर असेल तर उलट सगळी आम्लता मारली जाऊन खडूसारखी बेचव कॉफी उरते. कॉफीच्या जाणत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आदर्श पाण्यात लिटरमागे सुमारे 150 मिलिग्रॅम विद्राव्य क्षार असावेत असे मुक्रर केले आहे. जहाजावरचे पाणी चुनखडीच्या थरांतून नेऊन त्याला थोडे क्षार परत देतात खरे, परंतु त्यामागचा हेतू नळ गंजू नयेत आणि पाणी पिण्यालायक लागावे एवढाच. कॉफीची चव हा काही जहाजाच्या अभियंत्याच्या कामाचा भाग नव्हे. शिवाय बंदरात उभे असताना टाक्या शहराच्या पाण्याने भरून घेतात, त्यामुळे सोमवारचा पेला आणि गुरुवारचा पेला यांत फरक पडतो तो पुडीमुळे नव्हे, तर पाण्याच्या जन्मगावामुळे.

यावर आणखी क्लोरीन. हजारो माणसे एकाच पोलादी कवचात कोंडलेली असताना पाण्यातून रोगाचा प्रादुर्भाव होणे ही जहाजावरची भयंकर आपत्ती होय, आणि म्हणून अमेरिकन बंदरांना लागणाऱ्या प्रवासी जहाजांवर तेथील सरकारी आरोग्य खात्याचा कडक दंडक आहे: पाणी भरताना त्यात लिटरमागे किमान 2 मिलिग्रॅम क्लोरीन वा ब्रोमिन असावे, आणि जहाजाच्या सर्वांत दूरच्या नळापर्यंत किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक उरावे. कॉफीतील फिनॉल जातीच्या द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की दवाखान्याची आठवण करून देणारा वास उत्पन्न होतो, आणि तो ओळखायला फार तरबेज नाक लागत नाही. यंत्राला कोळशाची गाळणी जोडून तो घालविता येतो. परंतु गाळणी वेळच्या वेळी बदलावी लागते, आणि वेळच्या वेळी करावयाच्या कामांची यादी जहाजावर फार लांब असते. कॉलऱ्यापेक्षा वास बरा, हा दंडक करणाऱ्यांचा निवाडा मला तरी मान्य आहे.

पाण्यानंतर संख्या. 2024 साली पहिली सफर केलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर 5,600 च्या वर प्रवासी सहज मावतात, खोल्या पूर्ण भरल्या तर 7,600 पर्यंत, आणि त्यांच्या दिमतीला सुमारे 2,350 कर्मचारी. पाच हजार माणसांनी सकाळी दोन-दोन छोटे पेले घेतले, तर दीड हजार लिटर कॉफी लागेल, आणि लिटरमागे 55 ग्रॅम या रूढ मापाने 80 किलोंहून अधिक पूड, तीही दोन-अडीच तासांत. ही कॉफी गाळून मोठ्या पात्रांत तापत ठेवावी, तर अर्ध्या तासातच तिच्यातील काही आम्लांचे विघटन होऊन ती कडवट होऊ लागते. भरीस भर म्हणजे ओला चोथा, ज्याचे वजन पुडीच्या दुपटीच्या घरात जाते, आणि अन्नाचा कचरा समुद्रात टाकण्याविषयी आंतरराष्ट्रीय कायदा असा की तो बारीक दळलेला असला तरी किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैल, आणि काही संरक्षित समुद्रांत 12 मैल दूर गेल्यावाचून टाकता येत नाही.

या सर्व कटकटींवर एक सोपा तोडगा निघाला, तो म्हणजे अर्काचा. कारखान्यात कॉफी एकदाच काढून तिचा दाट अर्क करावा, तो गोठवून लहान पेट्यांत भरावा, आणि यंत्राने तो गरम पाण्यात ठराविक प्रमाणात मिसळून द्यावा. आपण सकाळी ज्या यंत्राची कळ दाबली ते पुष्कळदा हेच. ना चोथा, ना दळण, ना तरबेज माणूस; दर पेला हुबेहूब मागच्यासारखा. त्या अर्काला मी वाईट म्हणणार नाही, कारण अर्क करणाऱ्यांची कला सामान्य नाही. पण गाळल्याक्षणी उडून जाणारा सुवास हाच ज्या पेयाचा प्राण, त्याचा प्राण कारखान्यातच गेलेला असतो. त्यात लांबच्या सफरींवर दूध बहुधा अतिउष्ण प्रक्रियेने टिकविलेले, किंचित आटल्या चवीचे. दुधात कॉफी घालण्याऐवजी कॉफीला दुधाचा डाग देणाऱ्या पाश्चात्त्यांचे त्यावाचून अडत नाही. अर्धा पेला दूध घेणाऱ्या आपणा लोकांना ते ताबडतोब कळते.

आणि तरीही त्याच जहाजावर, दोन मजले खाली, संगमरवरी फरशीच्या चौकात, पितळी चकाकीच्या यंत्रातून नऊ वातावरणांच्या दाबाने काढलेली, तपकिरी साय धरलेली एस्प्रेसो मिळत असते! 2010 साली ‘अल्यूर ऑफ द सीज’वर स्टारबक्सने समुद्रावरचे आपले पहिले दुकान मांडले, सेलिब्रिटी कंपनीच्या जहाजांवर ‘काफे अल बाचिओ’ नावाची कॉफीगृहे आहेत. पाणी त्याच टाक्यांतले, डोलणे त्याच लाटांवरचे. वस्तुतः तिथे अडचणी अधिक, कारण डोलत्या जहाजावर ग्रॅमचे काटे स्थिर राहत नाहीत आणि पूड वजनाने मोजणे जिकिरीचे होते. परंतु तिथे बिया आयत्या वेळी दळल्या जातात, गाळणी बदलली जाते, हाताशी शिकलेला माणूस असतो, आणि पेल्याला किंमत असते, जिच्यावर शेकडा अठराच्या आसपास सेवाशुल्क निराळे.

म्हणजे प्रश्न अखेर जमाखर्चाच्या वहीत येऊन थांबतो. तिकिटाचा दर खाली ठेवावयाचा आणि नफा मद्य, किनाऱ्यावरील सहली, जुगार व कॉफी यांतून काढावयाचा, हा या धंद्याचा आजचा शिरस्ता होय. फुकटची कॉफी फार चांगली झाली तर विकतची कोण घेईल? पूर्वी आगबोटीवर पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि डेकचा उतारू यांच्यामध्ये लोखंडी फाटक असे, आणि कोण कुठे बसतो हे धक्क्यावरच ठरे. आता सर्वांना एकाच डेकवर मुक्त संचार आहे. मात्र वर्गाची ती रेघ पेल्यांमधून ओढलेली आहे, आणि ती दररोज सकाळी नव्याने ओढली जाते. मला स्वतःला जुने फाटक अधिक प्रामाणिक वाटते, पण हे माझे वयही बोलत असेल.

या व्यवहारात जो माणूस कोणाच्या लक्षात येत नाही, तो यंत्राच्या मागे उभा असतो. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी बोटींवर चाकरीला जात आले आहेत. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूच्या गावोगावच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, मुक्काम करून जहाजाची वाट पाहणाऱ्यांत आचारी होते, खानसामे होते, वाढपी होते. जुने खलाशी जहाजावरच्या स्वयंपाक्याला ‘भंडारी’ म्हणत. आजच्या क्रूझवरही कोकणी बोलणारा माणूस हटकून भेटतो, आणि त्याच्याशी दोन शब्द आपुलकीने बोलणाऱ्या मराठी प्रवाशाला कोणत्या वेळी कुठल्या काउंटरवर ताजी गाळलेली कॉफी असते याची खबर विनामूल्य मिळते. ती खबर बहुधा अशी असते, की वरच्या भोजनगृहापेक्षा जिथे वाढपी मेजावर आणून वाढतात त्या दालनात मागावी, आणि गर्दी होण्यापूर्वी मागावी.

ज्यांना एवढेही नको, ते आपली सामग्री बरोबर नेतात. खोलीत विजेची किटली वा कॉफीयंत्र लावण्यास बहुतेक कंपन्यांची, आगीच्या भयाने, सक्त मनाई आहे. ब्रिटिश प्रवाशांसाठी चालणाऱ्या काही जहाजांवर कंपनी स्वतःच खोलीत किटली ठेवते, पण ती चहाच्या भक्तीपोटी. तेव्हा ही मंडळी सामानात एक लहानशी गाळणी, कागद आणि घरची पूड घेऊन येतात, भोजनगृहातून गरम पाणी आणतात, आणि सज्जात बसून शांतपणे थेंब थेंब गाळतात. आपल्याकडची दाक्षिणात्य पितळी गाळणी या कामाला झकास आहे. तिला वीज लागत नाही, ज्योत लागत नाही, आणि जहाज डोलले तरी ती आपली हळूहळू पाझरत राहते. पाण्याचा उरलासुरला वास मारण्यासाठी आमच्या घरी पाहुण्यांच्या कॉफीवर जे जायफळ किसत, ते मात्र बरोबर न्यावे. त्यावर अजून कोणत्याही कप्तानाने बंदी घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही.