वर्ष सरले, वाचा फुटली का?



चीनमधील विद्यापीठांत इंग्रजी कसे शिकविले जाते, हा आजचा विषय. तो दूरचा वाटेल. परंतु मुलांनी दहा वर्षे परकी भाषा घोकावी आणि चारचौघांत दोन वाक्ये बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडावी, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणांना नवा आहे? आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. वर्ष संपले की जमाखर्च मांडायचा, ही तेथली शिस्त. चिनी विद्यार्थ्यांना वर्षभर इंग्रजी शिकविल्यानंतर शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, त्याचा असाच हिशेब येथे मांडू.

प्रथम जो विद्यार्थी वर्गात येऊन बसतो, तो पाहा. २००१ साली चीनच्या शिक्षण खात्याने तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचे धोरण ठरविले. म्हणजे विद्यापीठात पाऊल टाकीपर्यंत मुलाची इंग्रजीशी नऊ-दहा वर्षांची ओळख झालेली असते. मध्ये प्रवेशपरीक्षेचा डोंगर असतो. तिला तेथे 'गाओकाओ' म्हणतात. ती जूनमध्ये होते. २०२४ साली तिच्यासाठी सुमारे १ कोटी ३४ लाख मुलांनी नावे नोंदविली. बहुतेक प्रांतांत एकूण ७५० गुणांपैकी १५० गुण परकी भाषेचे, आणि ही भाषा बहुधा इंग्रजीच असते. एकेका गुणावर आयुष्याची दिशा ठरते, तेथे मुलगा भाषेकडे भाषा म्हणून कसा पाहणार? तो गुणांच्या खाणीकडे पाहावे तसाच तिच्याकडे पाहतो.

विद्यापीठातही सुटका नाही. विज्ञानाचा असो की व्यापाराचा, बहुतेक विद्यार्थ्यांना इंग्रजी घ्यावेच लागते. १९८७ पासून 'कॉलेज इंग्लिश टेस्ट' नावाची देशव्यापी परीक्षा सुरू झाली. तिची चौथी पायरी ७१० गुणांची असून ४२५ गुण मिळाले की गडी तरला असे समजतात. गुणांची वाटणी पाहण्यासारखी आहे : ऐकण्याला शेकडा ३५, वाचण्याला ३५, लेखन व भाषांतराला ३०. बोलण्याची परीक्षा वेगळी, आणि ती ऐच्छिक! पूर्वी ही पायरी ओलांडल्याखेरीज कित्येक विद्यापीठे पदवीच देत नसत. नोकरी देणारेही तिचे गुण विचारीत आले आहेत.

साचेवाल्याला वारावर मजुरी दिली, तर तो वारच मोजणार. ज्या मापाने मोबदला मिळतो, त्या मापाचाच माल तयार होतो. त्यात कामगाराचा काय दोष? जो जाडजूड इंग्रजी लेख वाचतो पण पाहुण्याला रस्ता सांगू शकत नाही, अशाच्या इंग्रजीला चिनी लोकांनीच नाव दिले आहे : 'मुके इंग्रजी'.

पण सारा दोष परीक्षेच्या माथी मारून चालणार नाही. दोन भाषांच्या घडणीतही अंतर आहे. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'काल', 'उद्या' अशा शब्दांनी किंवा जोडीच्या छोट्या अव्ययांनी तेथे काम भागते. नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही उपपदे चिनी भाषेत नाहीत. ती मराठीतही नाहीत, त्यामुळे ती कोठे घालावी आणि कोठे गाळावी हा छळ आपणांस चांगला ठाऊक आहे! बोलताना 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी चिनी माणूस 'ता' एवढेच म्हणतो. लिहिताना मात्र चिन्हे वेगळी. म्हणून हुशार विद्यार्थीही स्वतःच्या आईविषयी सांगताना इंग्रजीत सहज 'तो' म्हणून जातो.

याहून सूक्ष्म अडचण उच्चाराची आहे. प्रमाण चिनी भाषेत शब्दाचे प्रत्येक अक्षर बहुतेक स्वराने किंवा 'न्', 'ङ्' अशा अनुनासिकाने संपते. इंग्रजीत भूतकाळाचा 'ट्', 'ड्' आणि अनेकवचनाचा 'स्' नेमका शब्दाच्या शेवटी येतो. तो चिनी जिभेवर गिळला जातो. कागदावर नियम पाठ असतो, पण तोंडून निघताना व्याकरणच नाहीसे होते. हे ज्या शिक्षकाला कळले, तो विद्यार्थ्याला मठ्ठ म्हणणार नाही. त्याला कोठे सराव द्यायचा ते त्याच्या लक्षात येईल.

आता वर्गातील शांततेविषयी. नवा परदेशी शिक्षक प्रश्न विचारतो आणि सगळा वर्ग खाली मान घालून बसतो. 'ही मुले आज्ञाधारक आहेत, त्यांना स्वतःचे मत नाही,' असा निष्कर्ष तो काढून मोकळा होतो. आम्हांस ही शांतता ओळखीची वाटते. गेटसभेत मागे उभा राहणारा कामगार वर्षभर बोलत नाही, म्हणून त्याला गाऱ्हाणे नसते असे थोडेच आहे? चुकलो तर सर्वांसमोर नाक कापले जाईल, हे भय त्याची जीभ धरून ठेवते. तोच मनुष्य चहाच्या टपरीवर चौघांत मोकळा होतो. चिनी विद्यार्थ्याचेही तसेच आहे. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये आणि कित्येक विद्यापीठांच्या आवारात 'इंग्लिश कॉर्नर' भरत आले आहेत. लोक आपण होऊन जमतात, इंग्रजीत गप्पा मारतात. तेथे गुण देणारा कोणी नसतो!

शिकण्याची तहान तर जुनी आहे. १९३७ मध्ये जपानने आक्रमण केल्यावर पेकिंगची विद्यापीठे दक्षिणेकडे स्थलांतर करू लागली. इंग्रज कवी विल्यम एम्प्सन त्यांच्याबरोबर हुनानात व पुढे युनानात गेला आणि १९३९ पर्यंत शिकवीत राहिला. पुस्तके मागे राहिली होती. पुष्कळसे साहित्य त्याने स्मरणातून शिकविले. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत प्रवेशपरीक्षाच बंद पडल्या. १९७७ च्या हिवाळ्यात त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा सुमारे ५७ लाख लोक परीक्षेस बसले आणि अवघ्या २ लाख ७० हजारांच्या आसपास लोकांना प्रवेश मिळाला. १९८२ मध्ये बीबीसीचा 'फॉलो मी' हा इंग्रजीचा पाठ चिनी दूरचित्रवाणीवर लागू लागला आणि घरोघरी लोक त्यापुढे बसू लागले.

अलीकडचे एक उदाहरण पाहा. पीटर हेस्लर हा अमेरिकन तरुण १९९६ ते १९९८ अशी दोन वर्षे यांगत्से नदीकाठच्या फूलिंग गावी, शिक्षक तयार करणाऱ्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होता. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. त्याने त्यांच्याकडून शेक्सपिअरचे प्रवेश करवून घेतले. सोंग घेतले की माणसाची भीड चेपते. चूक झाली तरी ती पात्राच्या खात्यावर जाते! त्याच काळात तो स्वतः चिनी भाषा शिकत होता, म्हणजे अडखळण्याची लाज तोही रोज अनुभवीत होता. त्याच्या विद्यार्थ्यांतील बरेचजण पुढे शाळांतून इंग्रजीच शिकवीत राहिले.

हेस्लर ज्या पीस कोअर संस्थेतर्फे गेला, तिचे चीनमधील काम १९९३ ते २०२० चालले. तिची नेमणूक दोन वर्षांची असे आणि आरंभी स्थानिक भाषेचे शिक्षण मिळे. इतर बहुतेक परदेशी शिक्षकांचा करार मात्र वर्षाचा. पहिले सत्र नावे आणि चेहरे ओळखण्यात जाते, दुसऱ्यात भीती मोडू लागते, आणि तोच निरोपसमारंभ येतो. पुढच्या वर्षी नवा माणूस, पुन्हा पहिला पाठ. कंत्राटी पद्धतीत जे नुकसान कारखान्यात होते, तेच येथेही होते : कसब हातात बसते न बसते तोच हात बदलतो. म्हणून हिशेब मांडताना चिनी शिक्षकाला विसरू नये. परदेशी पाहुण्याला हारतुरे मिळतात. व्याकरणाचे, परीक्षेचे आणि शेकडो वह्यांचे ओझे मात्र वर्षानुवर्षे तोच वाहतो.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि तीमधून तेथील विद्यार्थ्यांना वैद्यक शिकविले. १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचा देह पडला. शिकविणाऱ्यानेही शिकले पाहिजे, याचा यापरता दाखला कशाला हवा?

यास्तव वर्षाअखेरच्या जमाखर्चात आमच्या मते तीन रकमा मांडाव्या. विद्यार्थ्याने पुस्तकात नसलेले, स्वतःचे असे एक वाक्य उच्चारले काय? ते चुकले तेव्हा तो खाली न बसता पुन्हा बोलला काय? आणि त्याचे बोलणे समजावे म्हणून शिक्षकाने त्याच्या भाषेचे चार शब्द शिकण्याची तसदी घेतली काय? या तिन्ही रकमा कोणत्याही गुणपत्रिकेत सापडत नाहीत. परंतु मुलांना शिकवणीला धाडणाऱ्या आईबापांनी, मग ते चीनमधील असोत की आपल्या गावचे, संध्याकाळी घरी हेच विचारले पाहिजे. गुण किती पडले, ते नंतर विचारता येईल.