कावीळ, पाणी आणि रक्ताची पिशवी

आमच्या कोल्हापुरात एखाद्या घरी कावीळ शिरली की तिच्यामागोमाग दोन गोष्टी हमखास येतात: एक गळ्यात घालावयाची काटक्यांची माळ, आणि दुसरा 'रक्त चढवलं होतं ना, त्यातूनच आली' हा शेजारपाजारचा निर्वाळा. माळेचे रहस्य फारसे गहन नाही. ओल्या काटक्या सैल गाठींत ओवलेल्या असतात. त्या जसजशा वाळतात तसतशी माळ लांबत जाऊन छातीवरून बेंबीपर्यंत उतरते, आणि तितक्या अवधीत बहुतेकांची कावीळ आपल्या पायांनीच ओसरलेली असल्यामुळे तिचे श्रेय आयतेच माळेच्या पदरात पडते. शेजाऱ्यांच्या निर्वाळ्याचा खुलासा मात्र इतका सोपा नाही. कारण तो पुष्कळसा चुकीचा असून थोडासा खराही आहे.

कावीळ हे लक्षण आहे, एका रोगाचे नाव नव्हे. हिपॅटायटिसचे ब आणि क हे प्रकार रक्तातून पसरतात. अ आणि ई हे प्रामुख्याने मैला मिसळलेल्या पाण्यातून. दिल्लीत 1955-56 साली नजफगढ नाल्याचे पाणी यमुनेतून शहराच्या नळांत शिरले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. ती कावीळ 'अ'ची नव्हती, हे जपून ठेवलेल्या रक्तरसाच्या तपासणीवरून 1980 साली उमगले. खुद्द कोल्हापूर शहरातील जलजन्य साथीचा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ई विषाणूचे बारसेही व्हावयाचे होते. पुढे 2012 साली, ज्या पंचगंगेत आपण आपले नाले सोडतो तिच्याच खालच्या अंगाला वसलेल्या इचलकरंजीत हिपॅटायटिस ई-ची मोठी साथ आली. हा इतिहास ज्याने ध्यानात घेतला, तो कावीळ झाल्याबरोबर प्रथम रक्तपेढीकडे नव्हे, तर घरच्या नळाकडे बोट दाखवील.

रक्त दिल्याने कावीळ होते, ही समजूत तर सर्वस्वी निराधार आहे. दात्याच्या शिरेत जाणारी सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असते, आणि रक्त बाहेर येते, आत काहीच जात नाही.

याच्या नेमका उलट असलेला दुसरा गैरसमज सुशिक्षितांत आढळतो: ई हा पाण्याचा विषाणू, सबब रक्ताशी त्याचा संबंध नाही. वस्तुतः दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारणतः दोन ते दहा आठवडे जातात. डोळे पिवळे होण्यापूर्वीच विषाणू रक्तात उतरतो, आणि कित्येकांचे डोळे तर कधीच पिवळे होत नाहीत. अशा धडधाकट दिसणाऱ्या मनुष्याने त्या दिवसांत रक्त दिले, तर पिशवीबरोबर विषाणूही जाऊ शकतो. पुण्यातील अरणकल्ले व चोबे यांनी रक्त घेतलेल्या रुग्णांच्या तपासातून तसा पुरावा 2000 सालीच मांडला होता. पुढे इंग्लंडात 2 लाख 25 हजार रक्तदानांची तपासणी झाली, तीत 79 पिशव्यांत हा विषाणू सापडला. ज्या 43 रुग्णांचा पाठपुरावा करता आला त्यांपैकी 18 जणांना लागण झाली होती. त्यानंतर ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी, जपान या देशांनी दात्यांच्या रक्ताची ई-साठी तपासणी सुरू केली. आपल्याकडे कायद्याने सक्तीच्या चाचण्या पाच: एचआयव्ही, हिपॅटायटिस ब, हिपॅटायटिस क, उपदंश आणि मलेरिया. तेव्हा पिशवीवरील 'तपासलेले' या शिक्क्याचा अर्थ 'या पाचांसाठी तपासलेले' एवढाच घ्यावयाचा. निरोगी माणूस ई-तून बहुधा सुखरूप बाहेर पडतो; परंतु गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत हाच रोग शंभरांतल्या 20 ते 25 स्त्रियांचा बळी घेऊ शकतो, आणि ज्यांचे यकृत आधीच दुबळे आहे त्यांनाही तो भारी पडतो. निदान अशा रुग्णांना द्यावयाच्या रक्तापुरती, आणि साथीच्या गावांत तरी, या चाचणीची तजवीज सरकारने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र नाल्याचा बंदोबस्त न करता केवळ पिशव्या तपासणे म्हणजे छप्पर गळत असताना जमीन पुसत बसण्यासारखे होईल.

रुग्णालयाच्या ओट्यावर नेहमी ऐकू येणारे वाक्य असे: "परक्याचं कशाला? माझ्या भावाचंच घ्या, घरचं रक्त आहे." या वाक्यातली माया खरी; हिशेब मात्र चुकीचा. गल्लीत कावीळ पसरली असता सख्खा भाऊ त्याच नळाचे, त्याच माठातले पाणी पीत असतो. त्यामुळे आज ठणठणीत असलेल्या त्या भावाच्या रक्तात ई असण्याचा संभव, दूरच्या गावातल्या अनोळखी दात्यापेक्षा अधिकच. शिवाय जवळच्या नातलगाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या देहावर उलटण्याचा विरळा पण प्राणघातक धोका असतो, तो निराळाच. नियमित, विनामोबदला रक्त देणारा परकाच येथे खरा सोयरा ठरतो.

एकदा कावीळ झाली की जन्मभर रक्तदान बंद, हेही सरसकट खरे नव्हे. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या 2017 च्या दात्यांविषयीच्या नियमांनुसार ब किंवा क झालेल्यास, तसेच कोणता प्रकार होता हे ज्ञात नसलेल्यास, कायमची मनाई आहे. अ किंवा ई झाल्याचे निश्चित असल्यास मात्र बारा महिन्यांनी पुन्हा रक्त देण्याची मुभा आहे. म्हणजे रक्त-तपासणीचा एक कागद जपून ठेवला नाही, एवढ्यावरून कित्येक चांगले दाते कायमचे गमावले जातात. तसेच ब-ची लस टोचून घेतली म्हणून ई-पासून संरक्षण मिळत नाही. ई-वरची लस चीनमध्ये वापरात असली तरी आपल्या दवाखान्यांत ती मिळत नाही. आपल्या हाती आहे ते उकळलेले पाणी. आणि काविळीवर उसाचा रस पाजणाऱ्यांनी, त्यात पडलेला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हेही एकदा विचारावे.

रक्तदान शिबिरात पुढ्यात येणाऱ्या अर्जात काविळीविषयी एक प्रश्न असतो. मागे उभी असलेली रांग आणि शेजारचे मित्र पाहून तेथे घाईने 'नाही' लिहू नये. आपल्याला वा घरात कोणाला अलीकडे कावीळ झाली असल्यास डॉक्टरांच्या कानावर घालावे, जुना कागद सोबत न्यावा, आणि 'आज नको, पुढच्या वर्षी या' असे त्यांनी सांगितले तर पुढच्या वर्षी अवश्य जावे.