‘हलकी’ बीअर खरंच किती हलकी?

पुलगावला लागून असलेलं नाचणगाव वर्धा जिल्ह्यात येतं. गांधीजींचा सेवाग्राम आश्रम याच जिल्ह्यातला. इथे १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे गावातला मुलगा शिक्षणाला किंवा नोकरीला पुण्यात येतो, तेव्हा बीअरची उघड, झगमगीत दुनिया त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटते. सोबत मित्रांचा सल्लाही असतो, ‘अरे, बीअर म्हणजे काही दारू नव्हे!’ हा सल्ला तपासून पाहायला हवा.

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलॅली’ सुरू झाली आणि जागेवरच बीअर तयार करून विकणाऱ्या मायक्रोब्रुअरीचं युग शहरात आलं. आज मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी या भागांत काचेपलीकडे स्टीलच्या चकचकीत टाक्या दिसतात. त्यांत जे घडतं ते आपल्या ओळखीचंच आहे. इडलीचं पीठ आंबतं, तसंच हेही आंबवणंच. सातूला (बार्लीला) मोड आणून वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात भिजवून त्यातल्या पिष्टाची साखर करतात. हॉप्स या वेलीच्या फुलांनी कडवटपणा येतो. मग यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. गव्हाच्या बीअरला केळी-लवंगेसारखा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. तो वास यीस्टने तयार केलेल्या रसायनांचा.

चवी बदलतात, रंग बदलतो. मात्र यीस्टने तयार केलेलं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, तेच असतं. व्हिस्कीत, देशीत, मोहाच्या दारूत जे असतं तेच बीअरमध्ये. फरक फक्त पाण्याच्या प्रमाणाचा. म्हणून किती ‘कडक’ यापेक्षा किती ग्रॅम इथेनॉल पोटात गेलं, हा प्रश्न विचारायला हवा.

हिशेब सोपा आहे. मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्केवारीने गुणायचं, शंभराने भागायचं आणि उत्तराला ०.८ ने गुणायचं. आपल्याकडे ८ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’ बीअर मिळते. तिच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम इथेनॉल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये ते सुमारे २० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीची झाली. मायक्रोब्रुअरीतला ५ टक्क्यांचा अर्धा लिटरचा ग्लास एका मोठ्या पेगएवढा. ‘दोन पेग नको, एक बीअर घेतो’ म्हणणाऱ्याने काहीच कमी केलेलं नसतं.

निरोगी माणसाचं यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम इथेनॉल हाताळतं. लिंबूपाणी, कडक कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ हा वेग वाढवत नाही. एक स्ट्राँग बाटली शरीरातून जायला चार ते सहा तास लागतात. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. साठ किलोच्या पुरुषाने ही बाटली तासाभरात संपवली, तर रक्तातलं प्रमाण या मर्यादेच्या दुपटीहून वर जातं. स्त्रियांमध्ये ते तेवढ्याच बीअरने आणखी वाढतं, कारण त्यांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असतं.

दुसरा लाडका समज मुतखड्याचा. विदर्भाचा उन्हाळा आणि घामाने आटलेलं शरीर मुतखड्याला पोषकच. मग कुणीतरी सुचवतं, ‘दोन बीअर मार, खडा पडून जाईल.’ बीअरने लघवी जास्त होते हे खरं. त्याचं कारण असं, की पाणी राखून ठेवण्याचा निरोप मूत्रपिंडांना देणारं संप्रेरक अल्कोहोल दाबून टाकतं. म्हणजे शरीरातलं पाणी बाहेर जातं. त्याने खडा विरघळत नाही. उलट पाणी कमी पडल्यावर लघवी दाट होते आणि नवे खडे धरायला वाव मिळतो. शिवाय बीअरमधल्या प्युरीन या घटकामुळे युरिक ॲसिड वाढतं. त्यातून गाऊटचं दुखणं आणि युरिक ॲसिडचे खडे दोन्ही उद्भवू शकतात. खडा मूत्रवाहिनीत अडकला असेल, तर लघवीचा लोंढा वेदना वाढवतो. अशा वेळी ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर थेट रुग्णालय गाठावं. उन्हाळ्यात थंड बीअरने ‘थंडावा’ मिळतो, हेही याच कारणाने फसवं आहे.

दूरचा धोकाही मोजायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात बीअर वेगळी काढलेली नाही. आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येईल असं मद्याचं प्रमाण नाही, असं संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. फक्त बीअरच घेणाऱ्यालाही यकृताचा आजार होतो, व्यसनही जडतं. रोज घेतल्याशिवाय हात थरथरत असतील, झोप येत नसेल, तर अचानक सोडणं धोक्याचं ठरू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

जो पीत नाही त्याने ‘हलकी आहे’ या शब्दावर सुरुवात करण्याचं कारण नाही. जो पितो त्याने बाटलीवरची टक्केवारी वाचावी, ग्रॅम मोजावेत, उपाशीपोटी घेऊ नये, सोबत पाणी प्यावं आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. सुट्टीत गावी आलेल्या मुलाने घरी ‘फक्त बीअर घेतो’ असं सांगितलं, तर आईवडिलांनीही हाच हिशेब त्याच्यापुढे मांडावा.