फळी निवडताना

लाकूड तोडले की ते मेले, असे मला बारावीपर्यंत वाटत असे. घर सुतारकामावर चालत असूनही असे वाटे, हे लिहायला थोडी लाज वाटते. माझे वडील ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये मिस्त्री आहेत. मी तिथे जात असे ती डबा द्यायला आणि रविवारी हिशेब लिहायला. लाकडाकडे नीट पाहायला शिकले ते एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती.

दोन वर्षांपूर्वी बारावीची परीक्षा देऊन मी घरी होते. धान्याच्या एका ट्रकच्या हौद्याला तळाच्या फळ्या हव्या होत्या आणि आबा तापाने अंथरुणावर. वखारीत मी गेले. घासाघीस करून स्वस्तात सागवान आणले आणि घरी तोऱ्यात सांगितलेही. शेडमधल्या पोरांनी फळ्या बसवल्या. त्या ओल्या होत्या. ऐन वैशाखात आठ इंची फळ्यांच्या मध्ये पेन्सिल जाईल एवढ्या फटी पडल्या आणि गहू वाटभर सांडत गेला. मालकाने मजुरीतून पैसे कापले. त्या पैशांत माझी प्रथम वर्षाची फी होती. आबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "लाकूड मरत न्हाई पोरी. पाणी पितंय आन् सोडतंय. किती प्यालंय, ते आधी बघायचं आसतंय."

हे आठवायचे कारण म्हणजे यंदा शेडमध्ये आलेली एक जुनी गाडी. शेव्हरोले कंपनीची अर्ध्या टनाची पिकअप, १९५१ सालची. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता, त्यामुळे ही नावे आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हर मंडळींना परकी नाहीत. आता गाडीच्या मालकांची रोपवाटिका आहे. आजोबांची गाडी पुन्हा चालती करायची आणि तीत कुंड्या वाहायच्या, अशी त्यांची हौस. हौद्याचा तळ मात्र पार गेलेला. मधल्या काळात कोणीतरी आंब्याच्या फळ्या ठोकल्या होत्या. आंबा खोक्यांना ठीक. ओलीत तो लवकर कुजतो आणि त्याला कीड लागते. हाताने दाबले तरी भुगा पडत होता.

आपल्याला नवल वाटेल, पण लोखंडी पिकअपला लाकडी तळ ही अमेरिकेतली नेहमीची पद्धत होती. शेव्हरोलेच्या एका प्रकारच्या पिकअपला तर १९८७ पर्यंत लाकडी तळ मिळत असे. लाकडाला पोचे येत नाहीत, त्यावर माल पत्र्यावरच्यासारखा घसरत नाही, आणि एक फळी गेली तर एकच बदलता येते.

मालकांचे म्हणणे पडले, "मिस्त्री, ओक घाला. अमेरिकन गाडीला ओकच पाहिजे." आबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना इंग्रजी येत नाही आणि ओक त्यांनी कधी पाहिलेला नाही. मग आठवडाभर मी तेच वाचत बसले. (अर्थशास्त्राची ट्यूटोरियल राहिली, त्याबद्दल सरांची क्षमा मागते.)

वाचल्यावर कळले ते असे. त्या काळच्या पिकअपच्या तळाला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतला पिवळा पाइन भरपूर वापरीत. ओकही वापरीत, पण ओकच हवा असा काही नेम नव्हता. पाइन तिथे मुबलक होता, म्हणून तो घेतला. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला बाभूळ घेतात तसाच. फळ्यांना कारखान्यात रंग दिलेला असे. आज चित्रांत दिसणारी वार्निशची चकाकी ही पुढच्या हौशी लोकांची करामत आहे. शिवाय ओक म्हणजे एक लाकूड नव्हे. तांबड्या ओकच्या नळ्या मोकळ्या असतात; त्याच्या तुकड्याचे एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकले तर बुडबुडे येतात म्हणे. पांढऱ्या ओकच्या गाभ्यात या नळ्या आतून बुजलेल्या असतात. म्हणून दारूची पिंपे पांढऱ्या ओकची करतात आणि उघड्यावरच्या तळालाही तोच बरा.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते आकसण्याचे गणित. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. तेही सगळीकडे सारखे नाही. झाडाच्या वलयांच्या दिशेने जास्त, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मे. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत पांढरा ओक वलयांच्या दिशेने सुमारे १०.५ टक्के आकसतो, सागवान ५.८ टक्के. सागवानाची फळी गाभ्याकडून सालीकडे अशी कापली, म्हणजे तिच्या तोंडावर वलये उभी दिसतील अशी, तर तेच आकसणे २.५ टक्क्यांवर येते. आमच्या ट्रकच्या आठ इंची फळ्यांची वलये आडवी होती. लाकूड पूर्ण कोरडे काही होत नाही. १२ टक्के ओल राहते असे धरून मी हिशेब केला, तर दर फळीमागे ७ मिलिमीटर आले. पेन्सिल तेवढीच जाड असते.

हे आबांना वाचून दाखवले. त्यांनी टक्केवारी ऐकून घेतली आणि वखारीत फळीचे तोंड का बघतात, ते मला बोटाने दाखवले. उभ्या रेघा घ्यायच्या, आडव्या कमानी टाळायच्या. त्यांना आकडा ठाऊक नव्हता. बाकी सगळे ठाऊक होते.

अमेरिकन गाड्यांच्या बांधणीतली एक युक्ती मात्र आबांनाही आवडली. फळीच्या दोन्ही कडांना खाच असते, दोन फळ्यांमध्ये थोडी जागा सोडतात आणि वरून पोलादी पट्टी त्या खाचांत बसते. बोल्ट फळीतून जात नाही; मधल्या जागेतून खालच्या आडव्या पट्ट्यांना जातो. त्यामुळे फळी फुगली-आकसली तरी तिला सरकायला वाव राहतो आणि बोल्टापाशी ती चिरत नाही.

मग आमच्याकडचे कोणते लाकूड? साल मजबूत, पण जड आणि चिरणारा. बाभूळ आघात सोसते, पण सरळ लांब फळी मिळणे कठीण. निलगिरी पिळवटते. कुंड्यांचे पाणी रोज झिरपणार, तेव्हा सागवानच, पण गाभ्याचे. पांढरा भाग वाळवीला आणि कुजण्याला गाभ्यासारखा तोंड देत नाही. हल्ली मिळणाऱ्या कमी वयाच्या सागात हा पांढरा भागच फार असतो. आबांनी पाडलेल्या एका वाड्याच्या तुळया शोधल्या. भाव ऐकून मालक गप्प झाले, पण ओक मागवण्यापेक्षा ते स्वस्तच होते. चिरण्याआधी आबांनी दोन दिवस तुळयांतले खिळे काढले. एक राहिलाच, आणि करवतीचे पाते गेले.

तुळया जुन्या म्हणजे वाळलेल्या, असे मी म्हटले. आबा हसले. त्या पावसाळाभर उघड्यावर पडून होत्या. फळ्या चिरून, मध्ये काठ्या घालून सावलीत रचल्या आहेत. टोकांना रंग फासला आहे, कारण टोकातून पाणी फार लवकर आत-बाहेर होते आणि फळी तिथून फाटते. बसवताना खालच्या बाजूलाही तेल द्यायचे आहे. पुष्कळ लोक दिसते तेवढीच बाजू रंगवतात.

त्याच लाकडाचा एक तुकडा मी फळ्यांतच ठेवला आहे आणि दर रविवारी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलते. वजन घटायचे थांबले की लाकडातली ओल हवेशी जुळली, असे समजायचे. गेल्या रविवारी तो ६१२ ग्रॅम भरला. आदल्या रविवारपेक्षा ४ ग्रॅम कमी. मालक दोनदा येऊन गेले. आबांनी त्यांना अजून तारीख दिलेली नाही.