केव्हा, कुठे, कसं : मुलांच्या गोष्टीतली क्रियाविशेषणं

क्रिया केव्हा, कुठे आणि कशी घडली हे सांगणारा शब्द किंवा शब्दसमूह वाक्यात क्रियाविशेषणाचं काम करतो. तिसरी-चौथीच्या मुलांना ही व्याख्या देण्याऐवजी तीन प्रश्न दिले तर ती लवकर शिकतात. मोताळा गावातल्या मुलांना शिकवायचं तर त्यांच्या ओळखीचंच वाक्य घ्यावं : ‘बकरी पळाली.’

केव्हा? उन्हं कलल्यावर.
कुठे? नळगंगेच्या काठाने.
कशी? जीव घेऊन.

तयार वाक्य : ‘उन्हं कलल्यावर नळगंगेच्या काठाने बकरी जीव घेऊन पळाली.’

असे शब्द आणि शब्दसमूह बनवण्याच्या मराठीतल्या वाटा मुलांना बोलण्यातून माहीत असतात :
🔹 प्रत्यय : काठाने, घाईने
🔹 शब्दयोगी अव्यय : धुऱ्यावरून, कपाशीच्या शेतापलीकडे
🔹 धातुसाधित : पाय न वाजवता, मागे वळून
🔹 ध्वनी आणि द्विरुक्ती : टुणकन, धाडदिशी, हळूहळू

पुढची पायरी जागा बदलण्याची. ‘पाय न वाजवता मांजर आत आली’ आणि ‘मांजर पाय न वाजवता आत आली’ ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. फक्त पहिल्यात पावलांची शांतता आधी जाणवते, मांजर नंतर दिसते.

प्रत्येक वाक्यात तिन्ही उत्तरं कोंबली की गोष्ट रेंगाळते. प्रसंगाला लागेल तेवढंच उत्तर पुरेसं असतं.