मुंबईतील पाणबुडीबांधणीचा प्रारंभ

मुंबईतील पाणबुडीबांधणीचा प्रारंभ माझगाव डॉक या गोदीत १९८४ साली झाला. तेथे तयार झालेली ‘शाल्की’ ही भारतात बांधण्यात आलेली पहिली पाणबुडी होय. ती ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. (तळ्यात बुडी मारणाऱ्या टिबुकली या पक्ष्यासही मराठीत पाणबुडी म्हणतात, नौकेला हे नाव नंतर मिळाले.)

भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातील रिगा येथे दाखल झाली. परंतु ती विकत घेतलेली होती. डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीतील कील येथील एचडीडब्ल्यू या कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या कील येथे व दोन मुंबईत बांधावयाच्या होत्या. भारतीय अभियंत्यांनी व कारागिरांनी कील येथे प्रशिक्षण घेतले.

कीलची निवड इतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. विल्हेल्म बाउअर याची ‘ब्रांटटाउखर’ ही पाणबुडी तेथेच १८५० साली बांधली गेली. खर्च वाचविण्यासाठी तिचा पत्रा पातळ करण्यात आला होता. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरातील चाचणीत तिचे कवच पाण्याच्या दाबाने खचले व ती बुडाली. बाउअरने धीर धरून आत पाणी भरू दिले. आतला व बाहेरचा दाब समान होताच झाकण उघडले आणि तिघेही जण वर आले.

पाणबुडी बुडविणे अवघड नसते. टाक्यांत पाणी घेतले की ती खाली जाते. अवघड असते ते दाब सोसणे. दर १० मीटर खोलीस प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार वाढतो. म्हणून कवच शक्य तितके अचूक वर्तुळाकार असावे लागते व वेल्डिंगचा प्रत्येक सांधा निर्दोष असावा लागतो. मुंबईच्या कारागिरांनी आत्मसात केलेली मुख्य विद्या हीच. ‘शाल्की’मध्ये संपूर्ण खलाशीवर्गास सुटकेसाठी सामावून घेणारा गोलही बसविला आहे.

दुसरी पाणबुडी ‘शंकुल’ मे १९९४ मध्ये दाखल झाली. मात्र १९८७ साली या व्यवहारातील कथित दलालीवरून वाद उद्भवला होता व आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा विचार सोडून देण्यात आला. गोदीस पुढील काम मिळाले नाही आणि कष्टाने घडविलेला कुशल कारागीरवर्ग विखुरला. ही हानी पैशांत मोजण्याजोगी नाही. फ्रेंच रचनेच्या सहा पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला, तेव्हा बरेचसे शिक्षण पुन्हा आरंभापासून करावे लागले. त्यांतील पहिली, नवी ‘कलवरी’, १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली.