गदा नांदेडची, मल्ल राजगुरुनगरचा

सन 2023 च्या भोगीच्या दिवशी, म्हणजे 14 जानेवारीस, पुण्यातील कोथरूड येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अखेरची कुस्ती लागली आणि ती पुरते एक मिनिटही चालली नाही. शिवराज राक्षे याने सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला पाहता पाहता चितपट केले, चांदीची गदा खांद्यावर घेतली, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून तो ‘नांदेडचा शिवराज’ म्हणून घरोघर पोहोचला. आता हा मल्ल मूळचा पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरनजीकच्या राक्षेवाडीचा. त्याचा मुक्काम आणि मेहनत पुण्याच्या कात्रज भागातील तालमीत. आणि गोदाकाठाशी त्याचे जे नाते जडले ते मुख्यत्वेकरून जिल्हा तालीम संघाच्या दफ्तरातील नोंदीने. यातली खरी गंमत पुढेच आहे. ज्या तालमीत तो घडला तिचे वस्ताद, अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार, हे लातूर जिल्ह्यातील साई या गावचे. म्हणजे लातूरच्या माणसाने पुण्यात बसून पुण्याचाच मुलगा तयार केला, आणि तो नांदेडच्या नावावर लढला!

याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र केसरीच्या गटात प्रत्येक जिल्हा वा शहर संघाला मातीवर एक आणि गादीवर एक असे दोनच मल्ल उभे करता येतात. पुणे, सोलापूर, कोल्हापूर या मुलखांत या दोन जागांसाठी तोलामोलाच्या मल्लांची रांग लागलेली असते, तर इतर कित्येक जिल्ह्यांत त्या वजनाचा मल्ल शोधूनही मिळत नाही. तेव्हा ज्याला जागा नाही तो, जिथे मल्ल नाही तिथे, नाव नोंदवतो. त्याच स्पर्धेत सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचा आणि कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत वाढलेला सिकंदर शेख वाशिमकडून उतरला होता. त्याआधी 2018 साली करमाळा तालुक्यातल्या बाला रफिक शेखने बुलढाण्याला गदा मिळवून दिली होती, आणि 2020 च्या आरंभी अकोले तालुक्यातल्या हर्षवर्धन सदगीरने नाशिकला. नियम पाळले गेले, कागदपत्रे ठाकठीक होती. पण मल्लाने मुलूख बदलण्याच्या या रिवाजाची जी मराठवाड्यातली जुनी परंपरा आहे, तिचे वळण मात्र पूर्वी अगदी उलट होते. तेव्हा मल्ल मराठवाड्यातून बाहेर जात असत, आणि नाव घेऊन परतत असत.

त्या परंपरेचे सर्वांत ठळक नाव हरिश्चंद्र बिराजदार. 1950 साली ते जन्मले निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथे. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती, आणि निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात मोडत होता. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला आणि 1982 च्या ऑगस्टात लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर लातूरकडे आला. आपण ज्यांना ‘लातूरचे बिराजदार’ म्हणून अभिमानाने संबोधतो ते बीदर जिल्ह्यात जन्मले, उस्मानाबाद जिल्ह्यातले म्हणून कीर्तीस चढले, आणि लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यांची उमेदीची बहुतेक कुस्ती लढून झाली होती. एका माणसाने आपला तालुका न बदलता तीन जिल्हे पाहिले. ज्या प्रदेशाचीच अशी वारंवार बदली झाली, तेथील लोकांनी मल्लाच्या बदलीचे फारसे मनावर घेतले नाही यात नवल ते काय?

बिराजदार कोल्हापूरला गंगावेस तालमीत दाखल झाले. शाहू महाराजांनी उत्तरेतील मल्लांना आश्रय देऊन आणि खासबागेचे मैदान उभारून त्या नगरीला जी सवय लावली होती, ती पुढेही टिकली. परमुलखातून आलेल्या मल्लाला कोल्हापूर खुराक, जोडीदार आणि टाळी या तिन्ही गोष्टी हात आखडता न घेता देत असे. उत्तर प्रदेशातून आलेल्या दीनानाथ सिंहांना 1966 ची महाराष्ट्र केसरीची गदा मिळाली तेव्हा त्यांना कोणी परका म्हटल्याचे ऐकिवात नाही. मराठवाड्यातून जाणाऱ्या पोराची कथा त्याहून साधी असे. गावात हौदा असे, वस्तादही असे, पण रोज अंग मोडून लढायला तुल्यबळ जोड मिळत नसे, आणि पाऊस दगा देणाऱ्या त्या मुलखात दूध, तूप आणि बदामांचा खर्च एका कुळवाडी घराला झेपणे अशक्य होते. मग बाप एके दिवशी मुलाला पत्र्याची ट्रंक आणि तुपाचा डबा देऊन एसटीने कोल्हापूरला नेई, वस्तादाच्या पायांवर घाली, आणि एका ओळीचाही करार न करता माघारी येई.

1969 साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातूरला भरले आणि बिराजदारांनी ती गदा जिंकली. शरीर मराठवाड्याच्या ज्वारीवर पोसलेले, डाव कोल्हापूरच्या मातीतले, आणि विजय आपल्याच माणसांच्या देखत! पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताब आला. आणि 1977 साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. त्या काळी सतपाल हे नाव उच्चारताच महाराष्ट्रातल्या आखाड्यांत क्षणभर शांतता पसरे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विजयाचा अर्थ समजतो. त्या दिवशी बिराजदार कोणा एका जिल्ह्याचे उरले नाहीत. कोल्हापूर त्यांना आपला म्हणत होते, मराठवाडा आपला म्हणत होता, आणि बेळगाव तर बेळगावच होते. तिथे मराठी मल्लाने दिल्लीकराला आस्मान दाखवण्याला कुस्तीपलीकडचाही अर्थ होता.

अशा मल्लांमागचा प्रेक्षक कसा तयार होतो हे पाहायचे तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील, किंवा महाशिवरात्रीच्या सुमारास लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत भरणारा कुस्त्यांचा फड पाहावा. दुपार कलली की हलगी कडाडू लागते. आधी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, म्हणजे लंगोटाची गाठही नीट न बसलेली पोरे. मग पन्नास, शंभर, पाचशे असा आकडा चढत जातो. पंच कमिटीचा एक माणूस काखेत वही आणि मुठीत नोटा धरून फिरत असतो. मल्ल हात वर करून फडाला फेरी घालतो, त्याच्या तोडीचा दुसरा कोणी उठतो, दोघांचे हात एकमेकांना लावून पाहिले जातात, आणि आजूबाजूचे शंभर स्वयंघोषित जाणकार ‘जोड बसत नाही’ किंवा ‘लाव, लाव’ असा निवाडा एकाच वेळी देतात. कुस्ती रेंगाळली की ‘नुरा, नुरा’, म्हणजे संगनमताची कुस्ती, असा गलका उठतो. निकाली झाली की जिंकणाऱ्याच्या मुठीत इनामाखेरीज चहूकडून दहा-वीसच्या नोटा येऊन पडतात, आणि त्या देणाऱ्याला मल्लाचे नावसुद्धा पुष्कळदा ठाऊक नसते. या प्रेक्षकाची निष्ठा गावाशी असते हे खरे. पण डाव चांगला पडला की ती निष्ठा तो बिनदिक्कत मोडतो.

नांदेडच्या प्रेक्षकाला तर परक्याला आपले म्हणण्याची सवय दुसऱ्याही एका खेळाने लावली आहे. गुरू गोविंदसिंहजींच्या प्रकाशपर्वाच्या सुमारास खालसा हायस्कूलच्या मैदानावर सुवर्ण व रजत चषकाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा गेल्या अर्धशतकापासून भरते आहे. तीत सैन्यदलांचे, रेल्वेचे आणि नाना सरकारी खात्यांचे संघ दूरदूरहून येतात, आणि शहर त्यांतल्या एखाद्याला आठवडाभर दत्तक घेते. या संघांत खेळाडू जातो तो किमतीने नव्हे, नोकरीने; खात्याने नेमणुकीचा हुकूम काढला की फॉरवर्ड त्या खात्याचा झाला.

युरोपातल्या फुटबॉलात हा सारा मामला रोखीचा आहे, आणि तेथला संताप म्हणूनच आपल्याहून कडवा आहे. क्रोएशियातील झादार या किनारी शहरात, युद्धाने घर सुटलेल्या कुटुंबातला लुका मॉड्रिच लहानाचा मोठा झाला. डिनामो झाग्रेबने त्याला घेतले आणि 2008 साली लंडनच्या टॉटनहॅमला विकले. अशा सौद्यांतला पैसा कोठे मुरतो हा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला, आणि 2018 साली डिनामोचे सर्वेसर्वा झ्द्राव्को मामिच यांना क्लबच्या पैशाच्या अपहाराबद्दल शिक्षा झाली. तिकडे स्प्लिटच्या हायदुक क्लबाचे चाहते, ज्यांची तोर्सिदा ही संघटना 1950 पासूनची, खेळाडू विकला गेला की कारभाऱ्यांना हिशेब विचारतात. मात्र या रोखीच्या जगात एक न्यायाचे कलम आहे, आणि ते मला आपल्याकडे फार हवेसे वाटते: जागतिक फुटबॉल संघटनेच्या 2001 च्या नियमांनुसार बदलीच्या रकमेतला पाच टक्के हिस्सा, खेळाडूला बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांनी शिकवले त्यांच्यात वाटला जातो. झादारसारख्या लहानशा क्लबाचाही त्यावर हक्क पोहोचतो.

आपल्याकडे हक्क असतो तो गुरुपरंपरेचा. बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले, सर्वांचे ‘मामा’ झाले, आणि मराठवाड्यातल्या पोरांना आता कोल्हापूरऐवजी पुण्याचा रस्ता दिसू लागला. काका पवार त्यांचेच शिष्य; बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारेही त्यांच्याच हाताखाली आला. 14 सप्टेंबर 2011 रोजी मामा निवर्तले आणि आवारे काका पवारांच्या तालमीत गेला. ही बदली झाली तीत ना रक्कम होती ना मध्यस्थ. 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकल्यावर त्याने ते मामांच्या स्मृतीस वाहिले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदकही मिळवले.

जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला या परंपरेचा जणू कळस झाला. गदेसाठी समोरासमोर उभे राहिलेले दोघेही, नाशिकचा म्हणून सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, एकाच वस्तादाचे, काका पवारांचे, पठ्ठे निघाले. दोघांनाही एकमेकांचे डाव पाठ असल्याने कुस्ती अटीतटीची पण कमी गुणांची झाली, सदगीर 3-2 असा निसटता जिंकला, आणि जिंकताच त्याने शेळकेला खांद्यावर उचलून फिरवले. लातूर हरले, पण लातूरच्या वस्तादाचे दोन्ही हात त्या दिवशी वरच होते.

पुढचा काळ असा गोड नाही. 2023 च्या स्पर्धेत सिकंदर आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत पंचांनी दिलेल्या गुणांवरून गदारोळ माजला, आणि फडात जो निवाडा तोंडी होऊन हवेत विरत असे तो आता मोबाइलवर आठवडेच्या आठवडे चालला. पंचांना धमकीपर्यंत मजल गेली. कुस्तीगीर संघटनेत दुफळी झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला राक्षे. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पंचांचा निर्णय न पटल्याने राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. दुखावलेल्या मल्लाचे दुःख समजते. लाथ समजत नाही.

या सर्व गदारोळात जिल्ह्याच्या नोंदीवरून वाद घालणाऱ्यांनी एक गोष्ट अजून मागितलेली नाही, ती येथे मागतो. मल्लाने कोणत्या जिल्ह्याकडून लढावे हे संघटनेने खुशाल ठरवावे. पण प्रवेशपत्रिकेवर जिल्ह्याशेजारी आणखी एक रकाना असावा आणि त्यात ज्या गावच्या हौद्यात त्याने पहिला लंगोट कसला त्या गावाचे व पहिल्या वस्तादाचे नाव यावे. 2023 ला गदेसोबत मोटार आणि रोख पाच लाख रुपये दिले गेले. फुटबॉलवाल्यांच्या हिशेबाने त्याचे पाच टक्के म्हणजे पंचवीस हजार. ते जिंकणाऱ्याच्या इनामातून न कापता यजमानांनी वरून द्यावेत आणि थेट त्या गावच्या तालमीकडे रवाना करावेत. तेवढ्यात हौद्यातली जुनी माती उपसून, नवी चाळून, तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरवता येईल, आणि वरती पावसाळ्यापूर्वी पत्रेही बदलता येतील.